सुरतेतली शिंपीण

गॅलरीतल्या वांग्याच्या झाडावर एक पाखरू पान शिवतंय, असं सरलाबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचा नवरा भटू जेवता जेवता हसला. "चिडी काय शिवी? आठे माणूसले धड शिवता येत नही."

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या खानदेशी चाळीत भटूच्या शब्दाला वजन होतं. अर्धं आयुष्य कापड विणायच्या लूमवर गेलेलं. धाग्याच्या बाबतीत त्यानं देवाचंही ऐकलं नसतं. पण हात धुऊन गॅलरीत आला आणि झाडावर वाकून बघू लागला. तेलाच्या डब्यात लावलेल्या झाडाचं रुंद पान वाकवून एक अंगठ्याएवढी हिरवट शिंपीण त्याच्या दोन्ही कडांना चोचीनं भोकं पाडत होती. कामात अशी गर्क, की या दोघांना तिनं हिंग लावूनही विचारलं नाही.

भटूला राहवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातून चकचकीत पॉलिस्टर धाग्याचे तुकडे आणले. सुरतेत राहून पाखराला पक्का धागा द्यायचा नाही, तर काय द्यायचं? सरलाबाईंनी ते मायेनं कठड्यावर अडकवले. शिंपिणीनं उचलले, भोकांतून ओवले, पानाचा छान द्रोण झाला. संध्याकाळी वारा सुटला, धागा सर्रकन निसटला आणि पान उघडं पडलं. तिनं पुन्हा ओवलं, पुन्हा तेच.

भटू बराच वेळ बघत राहिला. "हाऊ धागा गुळगुळीत शे. आम्ही लूमवर गाठ मारतस. ती गाठ नही मारत, टोक पिंजीसन भोकमा अडकाडस. आनि हाऊ पिंजातच नही."

शिंपीण आता झाडावर नुसती येऊन बसायची आणि उडून जायची. अंडी घालायची वेळ आलेली असणार.

"मीच तिनं घर मोडं," सरलाबाई म्हणाल्या.

त्यांनी पॉलिस्टरचा तुकडा न् तुकडा वेचून काढला आणि सुती धागा शोधायला निघाल्या. आता गंमत बघा. धाग्यावर जगणारं शहर, गल्लोगल्ली लूमचा खडखडाट, आणि सुताचा एक धागा मिळेल तर शपथ. शेवटी त्यांनी देव्हाऱ्याखालचा डबा काढला. श्रावणात घरी खानदेशातली कानबाई देवी बसायची, तिच्या वातींसाठी राखलेला कापूस त्यात होता.

शेजारची वत्सला दारातच थबकली. "काकू, देवीच्या वातीचा कापूस पाखराले द्याचा का?"

"कानबाईबी मायच शे. ती रागावाव नही," म्हणत सरलाबाईंनी कापूस वळून बारीक धागे केले आणि कठड्यावर ठेवले.

शिंपीण आली. एक धागा उचलला, भोकातून ओढला. टोक फुलून बाहेर कापसाचा इवलासा गोंडा झाला आणि टाका जागच्या जागी बसला. मग दुसरा, मग तिसरा. भटू त्या दिवशी कामाला उशिरा गेला आणि मुकादमाची बोलणी खुशाल खाल्ली.

पुढं पाऊस असा कोसळला, की गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. वाऱ्यानं ते पान वेड्यासारखं हेलकावलं, पण एक टाका उसवला नाही. सरलाबाईंना तर आनंदानं नाचावंसं वाटलं.

आणि एका सकाळी पानातून एक पिल्लू डोकावलं, कठड्यावर आलं, धडपडलं आणि समोरच्या वायरीवर जाऊन बसलं. त्याच्या मागोमाग बाकीची. सरलाबाई टाळ्या पिटत होत्या, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं. सगळी चाळ गॅलरीत गोळा झाली.

भटूनं डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मी जलमभर कापड करं. पन मन्हा कापडमाईन आजपावोत काहीच उडनं नही."