डाव्या खांद्याची बंदूक

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे आणि वय लपवत नाही. पण मला वाकडी म्हणू नका. ज्याने मला वाकडी म्हटले, त्याचे काय झाले, तेच मी आज सांगणार आहे. मला अजून त्याचा राग आहे. तो गेलेला नाही, आणि जावा असे मला वाटतही नाही.

माझ्या नळ्या दूरच्या कारखान्यात तयार झाल्या, पण माझा खरा जन्म चंद्रपुरातला. तिथे बाबूभाईंचे बंदूक दुरुस्तीचे दुकान आहे. माझे मालक हरिदासभाऊ मला घेऊन तिथे गेले, तेव्हा बाबूभाई तरुण होते आणि दुकान त्यांच्या अब्बांचे होते. माझा लाकडी भाग, म्हणजे खांद्याला टेकतो तो कुंदा, तेव्हा अगदी सरळ होता. हरिदासभाऊ डावखुरे. आमच्याकडे डावखुऱ्याला डेबरा म्हणतात. अब्बांनी त्यांना मला खांद्याला लावायला सांगितले, समोर उभे राहून पाहिले आणि मान हलवली. मग कुंद्याच्या निमुळत्या भागावर कढत तेल ओतत ओतत त्यांनी तो हळूच डावीकडे वाकवला आणि थंड होईपर्यंत शिकंज्यात धरून ठेवला.

हे कशासाठी, ते नीट समजून घ्या. बंदुकीला मागच्या बाजूला डोळा नसतो. माणसाचा डोळाच तिचा डोळा. गाल कुंद्यावर टेकला की डोळा दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या बरोबर मागे यायला हवा. तो गव्हाच्या दाण्याइतका बाजूला सरकला, तरी चाळीस पावलांवर हातभर चूक होते. कुंदा मापाचा असला, तर नेम धरावाच लागत नाही. नजर जाते तिथे नळी जाते. हरिदासभाऊंनी मला उचलले की आम्ही दोघे एकच वस्तू होत असू.

आमचे गाव ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात. शेताला लागून बोडी, म्हणजे छोटे तळे, बोडीच्या पाळीवर करवंदीची जाळी, आणि तिच्यामागे जंगल. धान निसवले, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की रानडुकरे येत. माझा परवाना पीक राखण्याचा होता. पण घरात बुद्धाची तसबीर होती आणि हरिदासभाऊ पंचशील नुसते म्हणत नसत. "आवाज काढाचा, जीव नाई काढाचा," असे ते म्हणत आणि आभाळाकडे बार काढत. मला त्या तसबिरीच्या भिंतीवर त्यांनी कधी टांगले नाही. मी लोखंडी पेटीत राहत असे, तेल लावलेली, कोरड्या फडक्यात गुंडाळलेली. लोक म्हणत, "डेबऱ्याची बंदूक वाजली, आता निजा."

मी सुखी होते, मित्रांनो. म्हणूनच माझा राग एवढा मोठा आहे.

कुलदीप हा हरिदासभाऊंचा पुतण्या. चांगला उंचपुरा, बोलका. पेटीची किल्ली कुठे असते, ते त्याला ठाऊक होते. एके दिवशी हरिदासभाऊ बाजाराला गेलेले असताना त्याने मला बाहेर काढले, माझ्यात मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसे भरली आणि बोडीवर नेले. एक नर डुक्कर पाळीवरून डावीकडून उजवीकडे पळत होता. कुलदीपने मला उजव्या खांद्याला लावले.

मी त्याच्या मापाची नव्हते. कुंद्याची धार त्याच्या गालात घुसली आणि त्याचा डोळा पट्टीच्या डावीकडे राहिला. त्याने छातीवर नेम धरला, पण मी डावीकडे मारले. छर्रे छातीला न लागता मागच्या पायात गेले. त्याच क्षणी मी मागे उसळले आणि त्याच्या उजव्या गालाचे हाड ठेचले.

डुक्कर किंचाळत, पाय ओढत जाळीत शिरला.

आमच्या गावांत एक जुनी रीत आहे. जनावर घायाळ होऊन निसटले, तर ज्याच्या हातून ते झाले त्याने घरोघरी जाऊन सांगायचे: अमक्या जाळीत जखमी जनावर आहे, तिकडे जाऊ नका. मग तो माणूस कितीही मोठा असो आणि त्याला कितीही लाज वाटो. कुलदीपने मला पुसले, पेटीत ठेवले आणि कोणालाही काही सांगितले नाही.

संध्याकाळी हरिदासभाऊंची मुलगी सत्यशीला त्याच्या गालाकडे बघून म्हणाली, "काऊन रे, गाल काळानिळा झाला?"

"मोटारसायकलचा आरसा लागला, ताई."

"आरसा लागला का कोनी लावला?" सगळे हसले. तोही हसला.

त्याच आठवड्यात निवडणूक जाहीर झाली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. हरिदासभाऊंनी मला स्वतः नेऊन दिले आणि पावती खिशात घातली. मी दुसऱ्यांच्या बंदुकांशेजारी रांगेत उभी होते, तेव्हा इकडे धान कापायला आले. एका पहाटे हरिदासभाऊ पाणी बघायला बोडीच्या पाळीवर गेले. त्या जाळीत काय आहे, ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

निकाल लागल्यावर मला सोडवायला सत्यशीला आली. तिच्या हातात बापाची पावती होती. तिचा चेहरा पाहून मला सगळे कळले.

गावाला एवढेच माहीत होते की हरिदासभाऊंना मारणारा तो डुक्कर लंगडा होता. "वाघानं पाय धरला असंल," असे सगळे म्हणाले. कुलदीपनेही तेच म्हटले, आणि सगळ्यांच्या आधी म्हटले.

मला ठाऊक होते, पण मला एकच शब्द बोलता येतो आणि तोही कोणीतरी चाप ओढल्यावर. मी पेटीत पडून वाट पाहिली.

पुढच्या वर्षी धान निसवले आणि लंगडा परत आला. त्याने शेजारच्या सोमारीला बांधावर पाडले. ती थोडक्यात वाचली. वनखात्याने त्याला मारण्याची परवानगी दिली. माझा परवाना आता सत्यशीलेच्या नावावर होता आणि जोडीला कुलदीपचेही नाव होते. बार कुलदीपच काढणार, असे सगळेच धरून चालले होते. सत्यशीलेने बाजूला उभे राहून बघायचे.

लंगडा दिवस मावळताना आला. कुलदीपने मला उजव्या खांद्याला लावले. मी पुन्हा डावीकडे मारले, चिखल उडाला, आणि मी माझा हिशेब चुकता करत त्याच हाडावर, त्याच जागी पुन्हा ठोसा दिला. या वेळी जरा जास्तच मनापासून.

"बंदूकच वाकडी आहे!" तो गाल धरून ओरडला. "डेबऱ्याची वाकडी बंदूक! हिले सरळ करून आनतो."

सत्यशीला त्याच्या गालाकडे बघत होती. गेल्या वर्षी काळानिळा झाला होता, तोच हा गाल.

दुसऱ्या दिवशी ते दोघे मला कापडी खोळीत घालून चंद्रपूरला बाबूभाईंकडे घेऊन गेले. मी घाबरले होते, मित्रांनो. कुंदा सरळ झाला असता, तर हरिदासभाऊंच्या गालाची जागा कायमची गेली असती, आणि मी त्याच माणसाच्या मापाची झाले असते.

बाबूभाईंची दाढी आता पांढरी झाली होती. त्यांनी मला खोळीतून काढताच ओळखले. "ये तो अब्बाच्या हातची! हरिदासभाऊ कुठी आहे?"

सत्यशीलेने सांगितले. ते माझ्यावर हात ठेवून बसले, तेवढ्यात कुलदीपने कुंदा सरळ करायला सांगितला. मग तेल तापवायला भांडे काढत म्हणाले, "सरळ करून देतो. कोन चालवणार?"

"मीच," कुलदीप म्हणाला.

"गाल पाहूनच समजलं." बाबूभाई हसले. "उजव्या खांद्याले लावली तर हे बाई इथीच मारते, दुसरीकडे नाई. हा हिचा ठप्पाच समजा."

"दुसऱ्या कशानं असा डाग पडते का, चाचा?" सत्यशीलेने विचारले. "समजा, मोटारसायकलच्या आरशानं?"

"आरशाचा डाग कसाही पडन. हा बघ, हाडावर आडवी पट्टी, खाली कोपरा. हा कुंद्याच्या धारेचा आहे."

कुलदीप म्हणाला, "चला, उशीर होऊन राह्यला." तो दाराकडे वळला होता.

"थांब जरा," सत्यशीला म्हणाली. "चाचा, मी लावून पाहू का?"

"तू?" कुलदीप हसायला गेला, पण गाल दुखला.

बाबूभाईंनी मला लगेच तिच्या हातात दिले नाही. ते तिच्यासमोर उभे राहिले. "दोन्ही डोळे उघडे ठेव, बेटी, अन् माह्या नाकाकडे बोट दाखव."

तिने उजव्या हाताचे बोट दाखवले. बाबूभाईंना ते बोट तिच्या डाव्या डोळ्यासमोर दिसले. त्यांनी पुन्हा करायला लावले. पुन्हा डावा.

"तुहा मालक डोळा, नेम धरते तो, डावा आहे. पन हात काऊन उजवा?"

"लहानपनी डाव्या हातानं जेवत होती," ती म्हणाली. "आजी चमच्यानं बोटावर मारे. शाळेत बाई डावा हात बाकाले बांधून ठेवे. बाबाले कोनी बदलवलं नाई, तो मुलगा होता. मले बदलवलं."

"हात बांधता येते," बाबूभाई म्हणाले. "डोळा नाई बांधता येत." आणि तेलाचे भांडे त्यांनी शेगडीवरून उतरवून ठेवले.

सत्यशीलेने मला डाव्या खांद्याला लावले. तिचा गाल आला तो बरोबर बापाच्या गालाच्या जागी. फक्त मी तिला लांब पडत होते, कोपर नीट वळत नव्हते. बाबूभाईंनी कुंद्याच्या मागच्या टोकाची दोन बोटे रुंदीची चकती कापून काढली, कड घासली आणि चामडे बसवले. मला कापताना दुखले नाही. ती लाकडी चकती सत्यशीलेने पर्समध्ये ठेवली.

परतीच्या बसमध्ये ती कुलदीपपासून दूर, पुढच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसली.

त्यानंतर ती रोज मला रिकामीच खांद्याला लावत असे. डोळे मिटून मला उचलायचे, गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक मणी, पट्टीच्या मधोमध आहे का बघायचे. आधी नसायची. मग असायला लागली. मग नेहमीच असायची.

लंगडा सकाळी आला, ऊन धानावर पडलेले असताना. तो बांध ओलांडून आमच्यासमोर आला आणि थांबला. सत्यशीलेने नेम धरला नाही. तिने फक्त पाहिले. मी तिथेच गेले. एकच बार झाला आणि तो उभ्या जागी कोसळला.

माझा धक्का तिच्या खांद्यात सरळ गेला. गालाला काहीही झाले नाही.

पंचनाम्याला वनरक्षक हर्षाबाई आल्या. गाव गोळा झाले, कुलदीपही आला. हर्षाबाईंनी मेलेल्या जनावराचा मागचा पाय चाचपला, कातडीखालची गाठ चिरली आणि शिशाचा एक काळा छर्रा बाहेर काढला.

"हा आजचा नाई," त्या म्हणाल्या. "याच्यावर मांस भरून आलं आहे. हा डुक्कर वाघानं नाई, मानसानं लंगडा केला."

सत्यशीलेने तो छर्रा तळहातावर घेतला आणि कुलदीपसमोर धरला.

"आरसा लागला होता ना रे तुले?"

त्याचा हात गालाकडे गेला.

"बोल."

"मले वाटलं, मरून जाईन तो जाळीत…"

"बाबाले काऊन नाई सांगतलं?"

"काकाजी रागावले असते." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "न इचारता बंदूक नेली म्हनून रागावले असते."

मित्रांनो, मी तेव्हा तिच्या हातात होते आणि माझ्या दुसऱ्या नळीत अजून काडतूस होते. ती कुलदीपकडे बघत होती. मी मापाची बंदूक आहे. तिची नजर जाईल तिथे जाणे, एवढेच मला येते. मी थरथरत नव्हते, तीही नव्हती. खोटे कशाला बोलू? मला हवे होते.

तिने मला बिजागरीवर मोडून उघडले, काडतूस काढून हर्षाबाईंच्या हातात दिले आणि मला तशीच उघडी हातावर टाकले.

"तवा सांगाचं होतं, ते आता सांग," ती म्हणाली. "घरोघरी. एकही दार सोडाचं नाई. माह्या आईपासून सुरू कर."

तो निघाला. ती त्याच्यामागे चालत होती आणि मी तिच्या हातावर. पहिल्या दारात तिची आई शकुबाई तांदूळ निवडत बसली होती. कुलदीप उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, जाळीत जखमी डुक्कर आहे. मी मारलं. तिकडे जाऊ नका." शकुबाईने वर पाहिले. सूप मांडीवरून खाली ठेवले. त्याच्या गालावरच्या डागाकडे ती पाहत राहिली आणि मग म्हणाली, "पुढच्या घरी जा. जोरानं सांग, त्याईले कमी ऐकू येते."

गावातल्या शेवटच्या घरापर्यंत त्याला तेच वाक्य म्हणावे लागले, मेलेल्या डुकराबद्दल, वर्षभर उशिरा. सोमारीच्या दारात त्याचा आवाज फुटला. सत्यशीलेने त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. मला एकही दार कमी नको होते.

त्याचे नाव परवान्यावरून गेले. सत्यशीला आता बापासारखीच आभाळाकडे बार काढते. मी पुन्हा पेटीत राहते, तेल लावलेली, कोरड्या फडक्यात गुंडाळलेली, आणि किल्ली कुठे असते ते घरात एकीलाच ठाऊक आहे.

मित्रांनो, माझी एवढी विनवणी ऐका. जी वस्तू तुमच्या मापाची नाही, ती न विचारता उचलू नका, आणि चुकलात तर वस्तूला वाकडी म्हणू नका. वर्गात कोणी डाव्या हाताने लिहीत असेल, तर त्याचा हात बांधू नका. त्याचा डोळा कुठला आहे, ते तुम्हाला माहीत नसते. आणि तुमच्या हातून काही घायाळ झाले, तर रागावणे सहन करा, पण त्याच दिवशी सांगा.

क्षमा करायला मात्र मला शिकवू नका. कुलदीपचा गाल आता बरा झाला आहे, तिथे काहीच दिसत नाही. तरी आमच्या दारावरून जाताना तो उजवा गाल तळहाताने झाकून घेतो. पेटीच्या फटीतून मला ते रोज दिसते. मला ते आवडते.