हलवू नका, मी कामाला निघालेय

मी जोडप्रथिन बोलतेय. नाक मुरडू नका. तुम्हीही दोन घराण्यांची जोडाजोडच आहात. माझा एक तुकडा कर्करोगाच्या गाठीतली पेशी ओळखून तिला मिठी मारतो. दुसरा तिला सांगतो, "बाई, आता आटप." मधे एक लवचीक धागा, दोघांना एकमेकांच्या पायात येऊ न देणारा. असा धागा सगळ्या संसारांना मिळाला असता तर!

मी कुणाचा गळा आवळत नाही हं. प्रत्येक पेशीच्या पोटात स्वतःच्या मरणाची तरतूद असतेच. शहाणी पेशी वेळ झाली की गुपचूप आवरतं घेते. गाठीतली मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि पसरत बसते. मी फक्त आठवण करून देते. जरा ठणकावून.

माझा जन्म जीवाणूंच्या पोटातला. मला घडवणारी मुलगी इतकी सावकाश, की प्रयोगशाळेत सगळे तिला गोगलगाय म्हणत. चार वर्षांत तिने मला अकरा वेळा घडवलं. दहा वेळा धागा आखूड पडला आणि मी गुठळी होऊन बसले. चूक तिची, पण हट्टी मीही कमी नाही! अकराव्या खेपेला तिने धागा लांबवला, आणि मी नीट घडी होऊन बाहेर आले. दोनच कुप्या भरल्या. प्रत्येकीत आम्ही कोट्यवधी बहिणी.

प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, म्हणाले, "शुक्रवारपर्यंत गाठीच्या पेशी मेल्या तर ठीक. नाहीतर हे काम बंद."

गुरुवारी घाई सरांनाच झाली. त्यांनी पहिली कुपी उचलली आणि खदाखदा हलवली. झाला फेस! फेसात आमची घडी उलगडते, मग कसली ओळख नि कसली मिठी. एका कुपीतल्या सगळ्या बहिणी गेल्या.

काचसामान धुणाऱ्या मावशी दारातून कडाडल्या, "अहो सर, खोकल्याचं औषध आहे का ते?"

"तळाशी साका बसला असेल म्हणून..."

"तुम्हीच बसा आधी!"

सर बसले.

गोगलगायीने फेसाळलेली कुपी बाजूला ठेवली. मग दुसरी कुपी, म्हणजे मी, हळूच कलती केली. एक थेंब डावीकडच्या बशीतल्या गाठीच्या पेशींवर, एक उजवीकडच्या बशीतल्या निरोगी पेशींवर. त्या दिवशी तिच्या सावकाशपणाला कुणी हसलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने सूक्ष्मदर्शकातून तीनदा पाहिलं आणि मावशींना हाक मारली.

"कुठल्या मेल्या गं?"

"डावीकडच्या. गाठीच्या."

"आणि उजवीकडच्या?"

"ठणठणीत आहेत."

"मग रडतेस कशाला, वेडे?"

सर म्हणाले, "मी म्हटलंच होतं!"

"कधी? हलवताना?" मावशींनी विचारलं.

आता मी एका मेलेल्या पेशीला मिठी मारून बसलेय. थोड्या वेळाने मावशी ही बशी जंतुनाशकात बुडवतील. बुडवू देत, माझं काम झालं. बशीतलं जिंकणं म्हणजे माणसातलं जिंकणं नव्हे, एवढं मलाही कळतं. तो लांबचा रस्ता माझ्या धाकट्या बहिणी चालतील. मिठी कशी मारायची ते त्यांना शिकवू नका. फक्त कुपी उचलाल तेव्हा हात गोगलगायीचा असू द्या.