इनासियाची अट

ब्राझीलच्या सीमेलगत, बोलिव्हियाच्या ताब्यातल्या आक्रेच्या रानात कोण कशासाठी लढलं, हे उघड विचारायची रीत नव्हती. रबराच्या मळेवाल्यांना बोलिव्हियाची जकात नको होती, त्यांच्या पुढाऱ्यांना पदव्या हव्या होत्या. झाडांना चिरा देऊन चीक गोळा करणाऱ्या बेलार्मिनोला फक्त बायको हवी होती.

लढाईच्या सात वर्षं आधी ब्राझीलमधल्या सेआरातल्या दुष्काळातून तो एकटाच नदीनं वर आला. इनासिया बहिणीकडे राहिली. पुराच्या दिवसांतच बोटी वर येत, तेव्हा वर्षाला एक पत्र. मजकूर ठरलेला : परक्या राज्यात मी मरायला येणार नाही. तिथं ब्राझील होईल तेव्हा बोलाव.

बायकोचा शब्द त्यानं सरकारी कागदासारखा धरला. बंड झालं तेव्हा जुनी बंदूक घेऊन महिनाभर खंदकात बसला. गोळ्यांपेक्षा हिवतापानं जास्त हलवला. बोलिव्हियाचे शिपाई गेले, आक्रेचं स्वतःचं निशाण चढलं, गडी नाचले. याला मात्र घोर लागला. हाही देश इनासियाला परकाच की! त्यानं तुकडीच्या कप्तानाला विचारलं, आपण ब्राझीलमध्ये कधी जायचं? कप्तान हसला. म्हणाला, लेका, कालच तर देश मिळालाय, जरा अंगाला तर लागू दे.

पुढच्या पुरात होडीवाला व्यापारी एलियास बातमी घेऊन आला. दोन्ही सरकारांचा करार झाला होता, आक्रे ब्राझीलला मिळालं होतं.

"बसल्या जागी मायदेशी पोचलास, गड्या," एलियास म्हणाला. "बोटीचं भाडंसुद्धा पडलं नाही."

बेलार्मिनोनं तिथंच त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं. मग वर्षभर तो घर सजवत राहिला. दुसरा निजायचा झुला बांधला. रानातल्या खोपटांना भिंती नसतात, पण बाईमाणसाला आडोसा हवा म्हणून नदीच्या बाजूनं फळ्यांची भिंत घातली.

पुन्हा पूर आला, एलियास आला. होडीतून कुणी बाई उतरली नाही, पत्र उतरलं. एलियासनं नेहमीसारखी थट्टा सुरू केली, पण पहिल्या ओळीलाच त्याचा आवाज खाली आला.

"तू परमुलखात एकटा पडलास म्हणून आठ वर्षं माझ्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. आता तू आपल्याच देशात आहेस, माझा जीव भांड्यात पडला. इथं बहिणीच्या पोरांना माझी सवय झाली आहे. जपून राहा."

"परत वाचा, एलियासभाऊ."

त्यानं वाचलं. तेच निघालं.

"अट काय होती तिची?" एलियासनं विचारलं.

"ब्राझीलची."

"मग ती तर पुरी झाली."

"झाली."

एलियास फुकट काही देणारा नव्हता. जाताना मूठभर कॉफी ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी बेलार्मिनो आपल्या झाडांच्या वाटेवर गेला. ही वाट दारातून निघून रानभर फिरते आणि त्याच दारात संपते. दुपारी परतल्यावर त्यानं भिंतीच्या दोन फळ्या काढल्या, निदान नदी तरी दिसावी म्हणून. झुला तसाच ठेवला. कुणी विचारलं तर गाठ फार घट्ट बसलीय, सुटत नाही, असं सांगायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. पुढचा पूर येईपर्यंत विचारणारं कुणी नव्हतं.