साबणातून ऐकलेला वृत्तांत

गावच्या फुटबॉल संघाचा गोली दर सोमवारी सकाळी सलूनवाल्या अध्यक्षांकडे दाढीला येई, यात त्यांचा फायदा किती? एक तर सलूनमधलं बाकडं भरायचं. ज्यांच्या गालावर केसाचा पत्ता नव्हता तेही नंबर लावून बसायचे. शिवाय फुटबॉल संघाच्या समर्थक मंडळाचं अध्यक्षपद बिनविरोध पदरात पडलेलं. गोलकीपरचा गळा ज्याच्या वस्तऱ्याखाली, त्याच्याविरुद्ध हात वर करणार कोण? घरात बायकोसमोर जो काही वट होता, तोही एवढ्यावरच.

सोमवारी पेपरात कालच्या सामन्याचा वृत्तांत यायचा आणि अध्यक्ष तो मोठ्याने वाचायचे. एका हातात पेपर, दुसऱ्यात वस्तरा. गोलीच्या घरी पेपर येत नसे. "माझ्या लेकाला नावं ठेवणारा कागद उंबऱ्याच्या आत नको," म्हणून आईने तो बंद केलेला. त्यामुळे गोलीला जे कळायचं ते तोंडाला साबण फासून, मान मागे टाकून, डोळे मिटून.

पंचाईत अशी, की वृत्तांत लिहिणारा अध्यक्षांचा सख्खा मेहुणा होता. आणि एका सोमवारी त्याने लिहिलं, 'कॉर्नर आला की आपल्या गोलकीपरचं पहिलं पाऊल मागे पडतं.'

अध्यक्षांनी वाक्य पाहिलं. आरशात भरलेलं बाकडं पाहिलं. मग खणखणीत आवाजात वाचलं, "कॉर्नर आला की समोरच्यांचं पहिलं पाऊल मागे पडतं!"

बाकड्याने टाळ्या वाजवल्या. घरून पेपर वाचून आलेल्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

"खरंच लिहिलंय, काका?" साबणातून आवाज आला.

"छापलंय रे. हलू नकोस, लागेल."

संध्याकाळी मेहुणा बहिणीकडे चहाला आला, तर अध्यक्षांनी त्याला कपाला हातही लावू दिला नाही.

"घरचं चव्हाट्यावर मांडतोस? आपल्याच पोराचे पाय ओढतोस?"

"ओढत नाही दाजी, पुढे टाक म्हणतोय. बाहेरचे पेपर आपला स्कोअर छापतात तेच उपकार. त्याच्या पावलाकडे बघणारा मी एकटाच आहे."

"आणि समर्थकांनी हे गिळायचं?"

"मग कानात बोळे घालून बसायचं का?"

दोघांनी अध्यक्षांच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला मध्ये घेऊ नका. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यात फळीचा आडोसा आहे, मला सगळं ऐकू येतं. एक जण खरं लिहितो, एक जण खोटं वाचतो, आणि चहा माझा गार होतो."

मेहुण्याला तेव्हा त्यातलं 'खरं लिहितो' एवढंच कळलं. तो लिहीत राहिला, अध्यक्ष दुरुस्त करत राहिले. चार सोमवार झाले. गोली इतका खूश, की कॉर्नरला पुढे यायचंच त्याने सोडून दिलं. समोरचेच मागे सरकतात म्हटल्यावर पुढे धावतो कोण?

शेवटचा सामना पलीकडच्या गावाशी होता. बरोबरी झाली तरी चषक आपला. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर आला. गोली मागे सरकला, त्यांचा एक बुटका पुढे घुसला आणि चेंडू डोक्याने आत.

सोमवारी गोली नेहमीपेक्षा लवकर आला, तरी बाकडं भरलेलं होतं. अध्यक्ष आत गरम पाणी आणायला गेले होते. पेपर खुर्चीवरच पडला होता. पहिलंच वाक्य: 'कॉर्नरला आपल्या गोलकीपरचं पाऊल मागे पडतं, हे मी सलग पाचव्या आठवड्यात लिहितो आहे.'

अध्यक्ष तांब्या घेऊन बाहेर आले.

"काका, आधीचे चार कुठे गेले?"

"अरे, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"त्या बुटक्याला माहीत होतं. काल हात मिळवताना म्हणाला, आम्ही तुमचाच पेपर वाचतो, तुमचा माणूस छान लिहितो." गोलीने बाकड्याकडे पाहिलं. "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

बाकड्यावरच्या प्रत्येकाला अचानक आपल्या चपलांमध्ये काहीतरी दिसायला लागलं.

"बस तरी," अध्यक्ष म्हणाले. "दाढी करून जा."

"नको. आता कुणी डोळे मिटायला सांगितलं की भीती वाटते."

तर बेरीज अशी. पलीकडच्या गावाला चषक मिळाला. मेहुण्याला 'मी सांगत होतो' म्हणायचा हक्क मिळाला, तो त्याने बहिणीच्या घरी मनसोक्त वापरला. अध्यक्षांची एक दाढी गेली; पद राहिलं, कारण बाकड्यावरचा कोणीच तोंड उघडायच्या लायकीचा उरला नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काहीच गेलं नाही. पुढच्या हंगामात गोलपोस्टसमोर दुसराच पोरगा उभा राहिला, आणि पुरी किंमत गोलीने एकट्याने मोजली, राखीव खेळाडूंत बसून.