भोंगा वाजला तेव्हा मी खडकावर होतो

ज्याच्या डोक्यावर कॅमेरा बसतो आणि जो स्वतः कधीच फोटोत येत नाही, तो मी. मी ट्रायपॉड बोलतोय.

माझा जन्म कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एकात एक सरकवून मला उभं केलं, मानेला एक स्क्रू बसवला आणि खोक्यात घातलं. मग एका दुकानाच्या काचेत मी वर्षभर उभा होतो. येणारे-जाणारे कॅमेऱ्यांकडे बघायचे, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. एके दिवशी पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले. त्यांनी माझे तिन्ही पाय ओढून पाहिले, खिट्ट्या लावल्या, वर हाताने जोर दिला आणि म्हणाले, "हाच द्या."

हे माझे मालक. सगळे त्यांना कवळीवाले म्हणतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि मालक त्यावरून कवळ्या बनवतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. फळीवर ओळीने जबडे मांडलेले. एवढी तोंडं एका खोलीत, पण बोलणारं एकही नाही. आवाज असतो तो फक्त कवळ्या घासायच्या मशीनचा. बारीक, कर्कश, डोक्यात घुसणारा. तीस वर्षं मालक त्या मशीनसमोर बसलेत.

रविवार मात्र माझा. पहाट फुटायच्या आधी मला पाठीवर टाकून ते निघायचे. कधी तळ्याकाठी बगळे, कधी गवतात लपलेली टिटवी, कधी परगावच्या प्रवासात एखादं धुक्यातलं रान. मालक काही नावाजलेले फोटोग्राफर नव्हेत. त्यांचे फोटो कुठे छापून आले नाहीत. पण तासन् तास एका जागी बसण्याची चिकाटी त्यांच्यात होती, आणि फोटो बरा आला की ते माझ्या मानेवर हळूच थाप मारायचे.

एक गोष्ट मात्र मला हळूहळू कळत गेली. पक्षी ओरडला की इतर हौशी लोक झटकन त्या बाजूला वळायचे. मालक वळत नसत. कुणी विचारलं, "ऐकलंत?" की ते मान डोलवायचे, "हो, हो," आणि भलत्याच झाडाकडे बघत राहायचे. एकदा तळ्यावरून परतताना मला खांद्यावर घेऊनच ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. ती खाली खाली घसरत गेली होती. "कानाला मशीन लावलं तर फरक पडेल," डॉक्टर म्हणाले. मालकांनी कागदाची घडी केली आणि माझ्या पिशवीच्या कप्प्यात सरकवली. घरी कुणाला सांगितलं नाही. चार वर्षं सांगितलं नाही.

घरी म्हणजे कुणाला, तर त्यांच्या पत्नीला. त्या बालवाडीत शिकवतात म्हणून गल्लीभर त्यांना बाई म्हणतात. पन्नास पोरांच्या गोंगाटात आपलं म्हणणं ऐकवायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत. पण घरात त्या आवाजाला उत्तर मिळेनासं झालं होतं. "अहो, दूध उतू जातंय!" मालक वर्तमानपत्रातच. "अहो, मी काय विचारते?" मालक खिडकीबाहेर बघतायत. कोपऱ्यात उभा राहून मी बघत असे, बाई कशा आधी चिडायच्या, मग रडायच्या, आणि मग त्यांनी विचारायचंच कसं सोडून दिलं.

"माझ्याशी बोलावंसं वाटत नाही त्यांना," एकदा त्या फोनवर बहिणीला म्हणाल्या. "त्या तीन पायांच्या सवतीला घेऊन जातात आणि पाखरांत बसतात." मी सवत! मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

त्या रविवारी बाई स्वतःहून म्हणाल्या, "मीपण येते आज." मालकांना एवढा आनंद झाला की त्यांनी गाडीची मागची सीटसुद्धा पुसली. मी मागे आडवा पडलो होतो. खिडक्या उघड्या, रस्ता खडबडीत, इंजिनाची घरघर. समोर बघतच बाई म्हणाल्या, "मी ताईकडे राहायला जाईन म्हणते. काही दिवसांसाठी नाही. कायमची."

मालक रस्त्याकडे बघत होते. बाईंचे ओठ हलले एवढं त्यांना दिसलं असणार. ते हसले आणि म्हणाले, "हो, हो. चालेल की."

मी पाहिलं, बाईंनी पदर मुठीत घट्ट धरला. नंतर गाडी थांबेपर्यंत त्या बाहेरची झाडं बघत राहिल्या. मालक मात्र खुशीत शीळ घालत होते.

आम्ही पोहोचलो ती जागा धरणाच्या खालच्या अंगाला होती. उतारावर एक पाटी होती: भोंगा वाजताच नदीच्या पात्रातून बाहेर यावे. मालक तिच्या शेजारून शंभरदा गेले असतील. उन्हाळ्याच्या दिवसांत धरणाचे दरवाजे कधी उघडत नसत. नदीत घोट्याएवढं पाणी. तीन दगडांवरून पाय टाकत गेलं की मध्ये एक सपाट खडक होता, आणि पलीकडच्या काठाला एका पाणमांजरीचं बीळ. तिला दोन पिल्लं झाली होती. तीन रविवार आम्ही त्यांची वाट पाहत होतो.

बाई काठावर थर्मास घेऊन बसल्या. मालकांनी मला खडकावर रोवलं, कॅमेरा आणि लांब लेन्स माझ्या डोक्यावर चढवली आणि डोळा लावला. तासाभराने पिल्लं बाहेर आली. ओली, चकचकीत, एकमेकांच्या अंगावर लोळणारी. मालकांचा श्वास थांबला होता. शटर वाजत होतं.

आणि भोंगा वाजला.

लांबून, डोंगराच्या बाजूने. आधी बारीक, मग चढत गेलेला. पाणमांजरीने मान वर केली, एका पिल्लाला मानगुटीला धरलं आणि ती काठ चढून झुडपात घुसली. दुसरं तिच्यामागे. मालक पुटपुटले, "अरे, काय झालं हिला?" आणि आणखी खाली वाकून, न हलता, ती परत यायची वाट बघू लागले.

काठावर बाई उठून उभ्या राहिल्या. बहुतेक आधी त्यांना वाटलं असावं, असेल एखाद्या कारखान्याचा. मग त्यांची नजर पाटीकडे गेली.

"अहो!" त्या ओरडल्या. "अहो, बाहेर या! भोंगा वाजतोय!"

मालक वळले नाहीत.

"ऐकू येत नाही का? पाणी सोडतायत!"

मालकांचा डोळा कॅमेऱ्यालाच. बाईंचा चेहरा क्षणभर रागाने लाल झाला. आजही, इथेही हा माणूस आपल्याला उत्तर देत नाही! त्या मागे वळल्यासुद्धा. दोन पावलं चालल्या. मग थबकल्या. भोंगा अजून वाजत होता. दरी भरून टाकणारा आवाज, मेलेल्यालाही उठवेल असा. आणि त्यांचा नवरा त्यात शांत बसला होता. एवढ्या आवाजाकडे कुणी मुद्दाम दुर्लक्ष करतं का? बाईंचा हात तोंडाकडे गेला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कसा उतरला ते मी पाहिलं आहे. त्या जागी जे आलं ते बघवत नव्हतं.

मला आवाज पायांतून कळतो. खडक थरथरायला लागला होता. वरून काहीतरी जड, मोठं येत होतं. मी ओरडू शकत नव्हतो. तीन पाय असून मला एक पाऊलही टाकता येत नव्हतं.

बाईंनी दगड उचलला आणि फेकला. तो अलीकडेच पडला. दुसरा मालकांच्या डोक्यावरून गेला. पाण्याचा रंग बदलत होता, काड्या आणि फेस वाहत येत होते. तिसरा दगड थेट माझ्या पायावर बसला. खण्ण! माझ्या मानेवर मालकांचा हात होता, त्या हाताला तो दणका कळला. ते संतापून वळले. काठावर बाई दोन्ही हात वर करून नाचल्यासारखं करत होत्या, एक बोट वरच्या अंगाला दाखवत होत्या. मालकांनी तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

येताना पाय ठेवलेले तीन दगड दिसत नव्हते.

ते घाईने मला कॅमेऱ्यासकट खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले. पहिल्याच पावलाला गुडघा बुडाला. लेन्सच्या वजनाने मी झुकलो आणि माझ्याबरोबर तेही झुकले. ते पुन्हा खडकावर चढले. कॅमेऱ्यात पिल्लांचे फोटो होते. तीन रविवार वाट पाहून मिळालेले, बहुधा त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. त्यांनी काठाकडे पाहिलं. बाई हात जोडत होत्या. ते बघून मालकांनी माझी मान सैल केली, कॅमेरा काढला आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा खडकावर ठेवला. परत त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग माझे पाय एकत्र धरून, मला काठीसारखं रोवत ते निघाले. पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. तळाचे गोटे सरकत होते. मी जिथे टेकत होतो तिथेच जागा राहत नव्हती. एक पाऊल. दुसरं. काठ दोन हातांवर राहिला असताना त्यांचा पाय निसटला आणि ते छातीपर्यंत पाण्यात गेले. जाता जाता त्यांनी मला बाईंकडे पुढे केलं.

बाई एव्हाना कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या होत्या. एका हातात झाडाचं मूळ, दुसऱ्या हाताने त्यांनी माझा एक पाय पकडला. पकडला तो खालून, बारीक नळीला. वरची खिट्टी ताणाने उघडली. माझा पाय माझ्यातूनच बाहेर सरकू लागला. चार बोटं, वीतभर, दीड वीत. मालक दूर जात होते. मला वाटलं, आपणच यांना बुडवणार.

बाईंनी पाहिलं, काय होतंय ते. आणि त्यांनी मूळ सोडलं. दोन्ही हातांनी पुढे झेपावून माझी जाड नळी धरली, टाचा दोन दगडांच्या मध्ये रुतवल्या आणि अंग मागे झोकून दिलं. बारीक नळी निखळून प्रवाहात गेली. मी मात्र सुटलो नाही. बाई सुटल्या नाहीत. मालकांचे पाय तळाला लागले.

दोघं काठावर पडून धापा टाकत होते. मागे खडक दिसेनासा झाला, कॅमेराही.

बाई काहीतरी बोलल्या. मालक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जरा मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

"भोंगा ऐकू आला नाही तुम्हाला?"

"कुठला भोंगा?"

"हा! आत्ता वाजतोय हा!"

मालकांनी इकडे-तिकडे पाहिलं. डोंगराकडे, झाडांकडे. मग नकारार्थी मान हलवली.

त्यांच्या अगदी समोर बसून, एकेक शब्द तोडत बाईंनी विचारलं, "सकाळी गाडीत मी काय म्हणाले?"

"काहीतरी म्हणालीस खरं." मालक ओशाळले. "मला वाटलं, वाटेत थांबून चहा घेऊ या म्हणतेस."

बाई हसल्या नाहीत. "मी म्हणाले, मी कायमची ताईकडे जाते. आणि तुम्ही म्हणालात, चालेल की."

मालकांचा चेहरा पांढरा पडला. नदीत असतानाही तो तसा पडला नव्हता. "चार वर्षं झाली," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला लाज वाटली गं. म्हटलं, तू म्हणशील म्हातारा झाला. डॉक्टर लोक काम देईनासे होतील."

"चार वर्षं मी भिंतीशी बोलते म्हणून रडत होते!" बाईंचा आवाज फाटला. "आणि तुम्ही मला रडू दिलंत?"

हे मात्र मालकांना नीट ऐकू आलं होतं.

सगळं त्याच दिवशी सुरळीत झालं असं सांगितलं तर खोटं होईल. बाई खरंच ताईकडे गेल्या. अकरा दिवस राहिल्या. बाराव्या दिवशी परत आल्या त्या थेट मालकांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे. आता मालकांच्या दोन्ही कानांत छोटी यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी घासायचं मशीन सुरू केलं आणि घाबरून लगेच बंद केलं. "हे असं ओरडतं?" त्यांनी विचारलं. आता ते कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे लावून कामाला बसतात. यंत्रांनी सगळं परत आलेलं नाही. अजून चुकतं, अजून भांडणं होतात. पण बाई आता पाठीमागून हाक मारत नाहीत, समोर येऊन बोलतात.

माझा सुटा भाग बाजारात मिळेना. बाई म्हणाल्या, "टाकायचा नाही हं त्याला." मग मालकांनी कवळीच्याच मसाल्याचा नवा तुकडा ओतला, घासला आणि बसवला. त्यामुळे माझा एक पाय हिरड्यांच्या रंगाचा आहे. दुकानात ठेवलंत तर मला कुणी घेणार नाही. पण मी सरळ उभा राहतो.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या समोर जाऊन उभे राहा. आणि तुम्हालाच कमी ऐकू येत असेल, तर ते कुणाला तरी सांगा.

आज आम्ही एका तळ्यावर आलो आहोत. जुना, कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा माझ्या डोक्यावर आहे. मालक बसलेत, शेजारी बाई. आत्ताच बाईंनी त्यांच्या डाव्या खांद्याला बोट लावलं, म्हणजे आवाज डावीकडून आला. मालक वळतायत. लव्हाळ्यात काहीतरी निळं हललं. चला, आता मी गप्प राहतो. मला जराही हलून चालणार नाही.