लेखाची शेवटची ओळ

दिविना कित्येक वर्षं धंदेवाल्यांच्या मासिकांत लिहीत होती. बेकरीवाल्यांचं, फरशीवाल्यांचं, शवपेटीवाल्यांचं, तिन्ही मासिकं मनिलातल्या एकाच संपादकाची. लेख दिविनाचा, खाली नाव दुकानमालकाचं. आपलं नाव मागितलं की संपादक म्हणे, "पाव कुणी भाजला हे गिऱ्हाईक विचारतं का?" तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण नाव छापलेला एक तरी लेख दाखवल्याशिवाय दुसरा कुठलाच संपादक तिला दारात उभं करत नव्हता.

या वेळी ती हटूनच बसली. सान्तो तोमास गावच्या तातांग इस्कोवर लेख, आणि नाव माझं! संपादकाने पहिला मसुदा रडका ठरवला, दुसरा लांबट. तिसऱ्याला कसाबसा "बरं बाई" म्हणाला.

तातांग इस्को, म्हणजे इस्कोबाबा, हा शवपेट्या करणारा खडूस म्हातारा. परक्याला तो कारखान्यात पाऊल टाकू देत नसे. दिविनाशी मात्र त्याचं जमलं.

"गिऱ्हाइकाला आम्ही 'पुन्हा या' म्हणत नाही," तो तिला म्हणाला होता. "म्हटलं तर त्याच्या घरात दुसरं मढं पडायचं. पेटी दिली की पाठ फिरवायची, रंधा मारत बसायचं. तू कुठे गिऱ्हाईक? तू पुन्हा ये, पोरी. म्हातारी पान्सितच्या शेवया करेल."

दर खेपेला ती निघाली की तो 'पुन्हा ये' म्हणे. गिऱ्हाइकाला तसं न म्हणण्याचा हा रिवाजच तिने लेखाच्या शेवटी लिहिला होता.

अंक आला. दिविनाने आधी नाव पाहिलं. होतं, ठळक! मग नावाच्या वरची, लेखाची शेवटची ओळ वाचली: 'तर मंडळी, इस्कोंकडे एकदा आलात, की पुन्हा पुन्हा याल!' रिवाजाचा मजकूर अख्खा गायब.

तिने तडक फोन लावला. "सर, ही ओळ कुणी घातली?"

"मी! बेकरीला तीच घालतो, फरशीलाही तीच. शेवटी बोलावणं नको?"

"अहो, शवपेट्या आहेत त्या!"

"नाव छापलं ना तुझं? तुझं रडगाणं काही संपत नाही."

ती तशीच सान्तो तोमासला गेली. अंक रंध्याच्या फळीवर उघडाच पडला होता.

"काल एक बाई लेकाची पेटी न्यायला आली होती," तातांग म्हणाला. "शेजारच्या दुकानदाराने तिला हे वाचून दाखवलं. माझ्या उंबऱ्यावर थुंकून गेली ती."

"ती ओळ माझी नाही, तातांग! देवाशपथ नाही!"

"मग खाली नाव कुणाचं?"

ते नाव दिविनानेच भांडून मिळवलं होतं.

म्हाताऱ्याने पाठ फिरवली आणि रंधा मारायला घेतला. त्याच्या पायाशी लाकडाचे छिलके पडत राहिले. मग ती निघाली. 'पुन्हा ये' असं कुणी म्हणालं नाही.