गुलाबामागचं फाटक

आमच्या ह्यांनी लावलेला तो गुलाबाचा वेल मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. गुलाब कसा, कुंडीत गुमान उभा राहावा, एखादं फूल द्यावं, ते देवाला वाहावं. हा मेला वर्षातून एकदाच, थंडी सरताना, बारक्या पांढऱ्या फुलांचे घोस काढतो आणि बाकी वर्षभर नुसता अंगावर येतो. भिंतीवर, टाकीवर, माझ्या कपड्यांच्या दोरीवर. किती साड्या ओरबाडल्या त्यानं! "कापा हो त्याला," मी म्हणायचे. त्यावर ह्यांचं ठरलेलं, "कापायचा नसतो, वळवायचा असतो. फांदी आडवी बांधली की अंगभर फुलते." आणि सुतळीची गुंडी घेऊन तासन्तास बांधत बसायचे.

फक्त मागच्या फाटकापाशी मात्र ते कात्री चालवायचे. विमा कंपनीतल्या बदलीनं आम्ही मिरजेहून जयपूरला आलो, दुर्गापुऱ्यात घर केलं, तेव्हापासून रिटायर होईपर्यंत ह्यांची ऑफिसची वाट त्या फाटकातूनच होती.

गेल्या उन्हाळ्यात तेच फाटक माझ्या जिवावर उठलं. ह्यांना विसरण्याचा आजार झालाय. तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. जेवलेलं विसरतात, लेकाचं नाव विसरतात, ते मी सोसलं. पण ते घरातून निघून जायला लागले. "ऑफिसला उशीर होतोय, शालू," म्हणायचे आणि मागच्या फाटकातून बाहेर. एकदा दुर्गापुरा स्टेशनच्या बाकावर सापडले. दुसऱ्यांदा पार शहराबाहेर, कानोत्याला, धरणाच्या रस्त्यावर, जूनच्या उन्हात, पायात चप्पल नाही. शेजारचे रणजीतजी गाडी घेऊन शोधायला गेले होते. ह्यांना धरून आत आणताना ते म्हणाले, "आंटीजी, अगली बार..." पुढच्या वेळी काय होईल ते मला काय कळत नव्हतं?

कुलूप लावलं. तर हे फाटक धरून गदागदा हलवायचे. "मला का कोंडलंय? मी काय केलंय?" असं म्हणून लहान मुलासारखे रडायचे. बोटं सोलवटून निघाली. पुढच्या दाराची तशी भीती नव्हती, ते त्यांच्या लेखी पाहुण्यांचं दार, शिवाय तिथे मी भाजी निवडत बसलेली असतेच.

मग माझ्या लक्षात आलं, की फाटक दिसलं तरच ऑफिस आठवतं. चादर टांगून पाहिली, ती त्यांनी ओढून काढली. "हे काय नवीन?" वेल मात्र त्यांचा जुना, ओळखीचा. मी पावसाळ्यात वेलाला मोकळं सोडलं. कात्री पिठाच्या डब्यात लपवली. ज्याच्याशी जन्मभर वैर केलं त्याच्या मुळाशी शेणखत घातलं, आणि सुटलेली एकेक फांदी ओढून फाटकावर बांधत गेले. हात रक्तबंबाळ व्हायचे. दिवाळीपर्यंत फाटक गडप झालं.

हे अंगणात फेऱ्या मारायचे, वेलापाशी थबकायचे, पानं चाचपायचे आणि माघारी यायचे. ओरडणं नाही, रडणं नाही. वरुण, आमचा लेक, म्हणाला, "आई, कमाल केलीस तू." सून मात्र गप्प बसली नाही. ऋचा इथेच वाढलेली, मनात येईल ते बोलते. "पण आई, हे फसवणंच झालं ना? मतलब, बापूंच्याच झाडानं बापूंना कोंडायचं?"

"मग तू बस दिवसभर पहारा देत!" मी खेकसले तिच्यावर. कारण तेच तर मला खात होतं. ह्या माणसानं मला कधी खोटं सांगितलं नाही, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत रोज खोटं बांधत होते. ते "आमटी छान झालीय" म्हणाले की मी मान खाली घालून वाढत राहायचे.

फेब्रुवारीत वेलाला कळ्या धरल्या. एका सकाळी चहा घेऊन मागे गेले, तर हे वेलासमोर उभे. हातात कात्री, पिठानं माखलेली.

आता फाटक मोकळं करणार, आणि पुन्हा ते कानोता, पुन्हा ते ऊन! कप तिथेच ठेवून धावले. "अहो, द्या ती इकडे!"

त्यांनी वळून पाहिलं. किती दिवसांनी माझ्याकडे असं नीट, पूर्वीसारखं पाहिलं. "शालू, सुतळी आण."

"कशाला?"

"ही फांदी सरळ सोडलीयस. आडवी बांधायला हवी."

हुश्श केलं मी. फुलांचं वेड, दुसरं काय! धावत सुतळी आणली. "बांधते हं, बांधते. अंगभर फुलेल बघा."

"फुलांसाठी नाही गं." त्यांनी पानं बाजूला सारली. आत फाटकाची गंजलेली बिजागरी होती. "इथून दिसतंय."

"कुणाला?"

"मला," ते म्हणाले.

तुम्हाला कधीपासून माहीत आहे, असं विचारायचं होतं. त्यांनी ती काटेरी फांदी उघड्या हातानं ओढून धरली. बोटातून रक्त आलं तरी सोडली नाही.

"लवकर बांध, मला कळतंय तोवर. आणि गाठ अशी मार, की मला सुटता कामा नये."

मी हमसून हमसून रडले आणि रडता रडता गाठीवर गाठ मारली. त्यांनी ती ओढून पाहिली, नखानं उकलायचा प्रयत्न केला. उकलली नाही, तेव्हा मान डोलावली आणि कात्री माझ्या हातात दिली.

"पिठाच्या डब्यात नको ठेवूस," ते म्हणाले. "तिथे सापडते मला."